चार्ड गाव आणि रोगणाचे दोन हात

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात सॉमरसेट नावाचा परगणा आहे. त्याच्या अगदी दक्षिण टोकाला, समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० फूट उंचीवर, चार्ड नावाचे गाव वसलेले आहे. लोकवस्ती सुमारे १४ हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढीच. आपली प्रवासी मंडळी लंडन, ऑक्सफर्ड आणि शेक्सपिअरचे स्ट्रॅटफर्ड एवढी त्रिस्थळी यात्रा उरकून परततात, त्यामुळे या गावाचे नाव वाचकांच्या कानावरून गेले असण्याचा संभव थोडाच. गावाच्या मुख्य रस्त्याला फोअर स्ट्रीट म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही कडांनी पाण्याचे दोन बारीक पाट वाहतात, आणि गावकरी मोठ्या अभिमानाने सांगतात की, यांपैकी एका पाटाचे पाणी उत्तरेकडे ब्रिस्टलच्या खाडीला जाते व दुसऱ्याचे दक्षिणेकडे इंग्लिश खाडीला मिळते. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाचे थेंब काही पूर्वसमुद्राला आणि काही पश्चिमसमुद्राला जातात, हे भूगोलाच्या तासाला मी शेकडो मुलांकडून पाठ करवून घेतले. परंतु एकाच रस्त्याच्या दोन गटारांत तो चमत्कार उभा राहून पाहावयाचा योग मात्र येथेच आला.

तथापि चार्डची खरी ख्याती पाण्यामुळे नव्हे, वाऱ्यामुळे आहे. गावात शिरतानाच पाटी दिसते की, यंत्रबळाने चालणाऱ्या उड्डाणाचे हे जन्मस्थान होय. राइट बंधूंचे विमान १९०३ साली उडाले, हे शाळकरी पोरही जाणते. मग त्यापूर्वी ५५ वर्षे या आडगावात काय घडले, आणि ते पाहण्यास माझ्यासारख्या संस्कृत शिकविणाऱ्या पेन्शनराने का जावे, याचा खुलासा करणे प्राप्त आहे.

माझी मुलगी व जावई चार्डपासून सतरा मैलांवर येओव्हिल येथे राहतात. येओव्हिल हे विमानांचेच गाव. तेथील वेस्टलँडचा कारखाना १९१५ साली सुरू झाला. १९३३ साली हिंदी वायुदलाची पहिली तुकडी कराचीस उभी राहिली तेव्हा तिच्यापाशी जी चार वापिटी विमाने होती, ती याच कारखान्याची. अशा गावी राहणाऱ्या माझ्या बारा वर्षांच्या नातवाला विमानांचा छंद लागला नसता तरच नवल. परंतु ज्या विमानाची ही हकीकत आहे, ते येओव्हिलचे नव्हे, पुण्याचे आहे.

माझे व्याही, ज्यांना घरात सर्वजण अण्णा म्हणत, तीन वर्षांपूर्वी वारले. कॉलेजात असताना राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुशाखेत ते लहान विमाने बांधावयास शिकले होते. पुढे बँकेत जन्म गेला, पण हात ते विसरले नाहीत. निवृत्तीनंतर सदाशिव पेठेतील घराच्या माडीवर त्यांनी एक विमान आरंभिले. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत ४० इंच, आत बाल्सा लाकडाच्या सुतळीएवढ्या जाडीच्या काड्या व पिंपळपानाइतक्या पातळ फासळ्या, आणि चालक शक्ती म्हणजे धडाच्या पोकळीत पिळून भरलेली रबराची दोरी. रबराने उडणाऱ्या विमानाची ही परंपरा जुनी आहे. १८७१ साली पॅरिसच्या त्विलरी बागेत पेनो नावाच्या फ्रेंच तरुणाने असेच विमान लोकांसमक्ष उडवून दाखविले होते. अण्णांचा सांगाडा पुरा झाला, कागद चढवावयाचे राहिले, आणि मनुष्य गेला. विहीणबाई मुलाकडे विलायतेस राहावयास आल्या तेव्हा त्यांनी तो सांगाडा जुन्या मऊ नऊवारीत गुंडाळून, मांडीवर घेऊन आणला. विमानातून विमान आले, असे आमचा नातू म्हणतो.

मी गेल्या उन्हाळ्यात तेथे पोहोचलो तेव्हा घरात त्या सांगाड्यावरून एक मुका वाद चालू होता. वाद रंगाचा होता, असे वरवर पाहणाऱ्याला वाटले असते. वास्तविक तो त्याहून मोठा होता. आणि ते समजण्यासाठी या विमानांचे अंग कसे चढवितात व त्यावर रोगण कसे देतात, हे वाचकांना थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

बाल्सा या स्पॅनिश शब्दाचा अर्थ तराफा. दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात हे झाड भराभर वाढते आणि सहा ते दहा वर्षांत तोडणीस येते. त्याचे लाकूड इतके हलके की, हातभर फळी उचलताना आपण काही उचलले असे वाटतच नाही. या लाकडाच्या सांगाड्यावर पातळ जपानी कागद ताणून चिकटवितात. आपल्याकडे दिवाळीत आकाशकंदील करताना कामट्यांवर खळीने कागद लावतात, त्यातलाच प्रकार. मात्र येथे कागदाचे तंतू पंखाच्या लांबीच्या दिशेने यावे लागतात, नाहीतर फासळ्यांच्या मधोमध कागद खोलगट बसतो. चिकटविल्यावर त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारावयाचा. ओला होताच कागद सैल पडतो, सुरकुततो, सर्व श्रम वाया गेले असे वाटते. पण वाळू लागला की आपोआप आकसतो, आणि टिचकी मारली तर डफासारखा वाजतो.

त्यानंतर रोगणाची पाळी. या रोगणास डोप म्हणतात. हा शब्द मुळात डच भाषेतील असून तेथे त्याचा अर्थ कालवण असा होता, हे कोशात पाहिले तेव्हा मला मौज वाटली. आणि बाटली उघडल्यावर पिकल्या केळ्यांसारखा वास सुटला तेव्हा कालवण नव्हे तरी शिकरण खरे, असे मी म्हटलेही. ज्या द्रव्यापासून बंदुकीचा कापूस व जुन्या सिनेमाच्या फिती होत, त्याच जातीचे हे द्रव्य. ज्वाळा दुरून दिसली तरी पेट घेईल असे. विहीणबाईंनी हे ऐकले मात्र, आणि देवघराची समई ज्या खोलीत तेवते तेथे ही बाटली फिरकता कामा नये, असा दंडक घातला. तेव्हापासून सर्व काम परसातल्या लाकडी खोपटात, दार सताड उघडे टाकून चालू लागले.

डोपचे काम दुहेरी आहे. तो कागदाची छिद्रे बुजवितो, म्हणजे हवा व ओल आत शिरत नाही. आणि स्वतः वाळताना आणखी आकसतो, म्हणजे कागद अधिक ताठ होतो. तो ताठपणा हाच पंखाचा जीव. परंतु अति झाले तर तोच वैरी. रोगण आकसतच गेले की, हलका सांगाडा त्या ओढीने पिळवटतो, आणि पिळवटलेला पंख विमानाला गिरक्या देत खाली आणतो. म्हणून त्यात एरंडेलाचे चार थेंब टाकतात, त्याने रोगणाला किंचित लवचिकपणा राहतो. शिवाय वाळेपर्यंत पंख सपाट फळीवर टाचण्यांनी जखडून ठेवावयाचा. एरंडेलाचा हा उपयोग ऐकून विहीणबाई प्रथमच त्या उद्योगात लक्ष घालू लागल्या. रविवारी सकाळी पोरांना जे पाजतात ते विमानालाही पाजतात, याचे त्यांना फार अप्रूप वाटले.

आता वजनाची गोष्ट. नातवाच्या टेबलावर एक लहान काटा असे, ग्रॅमचा दशांशही दाखविणारा. त्याच्या वहीत पहिली नोंद होती ती अशी: सांगाडा, ६१ ग्रॅम. कागद चढविल्यावर ६६. रोगणाचा एक हात, निम्मे रोगण व निम्मे थिनर, ६८ आणि वर काही दशांश. रंगाचा विचार येथे आडवा येतो. पारदर्शक रोगण हलके. रंग म्हणजे त्यात कालविलेली खनिज पूड, ती जड. चकचकीत तांबडा रंग पाहिजे असेल तर आधी शंखजिऱ्याची पूड घातलेल्या रोगणाचे दोन-तीन हात द्यावे, प्रत्येक हात वाळल्यावर पॉलिशपेपराने घासावा, मग रंगाचे दोन हात, शेवटी तकाकीचा एक. जावयांनी हिशोब करून सांगितले की, असे केल्यास विमान ९० ग्रॅमच्या पुढे जाईल. त्यातही शेपटीकडचा रंग विशेष महाग. तोलबिंदूपासून शेपटी नाकापेक्षा तिप्पट लांब असेल, तर शेपटीवर चढलेल्या प्रत्येक ग्रॅमामागे नाकात ३ ग्रॅम शिसे भरावे लागते, तेव्हा तोल साधतो. म्हणजे शेपटीवर एक ग्रॅम शोभा आणि विमानावर चार ग्रॅम भार.

येथे माझ्यातला संस्कृत शिक्षक जागा झाला. अलंकार हा शब्द अलम् पासून झालेला आहे, आणि अलम् म्हणजे पुरे, पर्याप्त. जेवढ्याने वस्तू पुरी होते तेवढा अलंकार. पुढचा तो भार. साहित्यशास्त्राची पुस्तके चाळीस वर्षे शिकविली, पण या व्युत्पत्तीचा ग्रॅमांत हिशोब मांडलेला मी प्रथमच पाहिला.

हे सर्व ध्यानात घेतले की घरातल्या वादाचे स्वरूप उघड होते. उडवावयाचे असेल तर दोन पातळ हात आणि पुरे. टांगून ठेवावयाचे असेल तर वजनाचा प्रश्नच नाही. वाटेल तितका रंग द्यावा, तकाकी आणावी, दिवाणखान्याच्या छताला अडकवावे, पन्नास वर्षे टिकेल. जावयांचे मत टांगण्याकडे होते. वडिलांच्या हातची ती शेवटची वस्तू. ती एखाद्या झाडावर आपटून तिच्या काड्या झालेल्या पाहणे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते. नातवाला विमान उडवावयाचे होते आणि शिवाय तांबडेही करावयाचे होते. या दोन इच्छांचे एकमेकींशी जुळत नाही हे त्याला काट्याने दाखविले, तेव्हा तो रडकुंडीस आला. मुलगी दोघांच्या मध्ये. आणि विहीणबाई काहीच बोलत नव्हत्या. ज्यांचा शब्द अखेरचा, त्यांनीच मौन धरले म्हणजे घरात जो कोंडमारा होतो, तो एकत्र कुटुंबात नांदलेल्या वाचकांस सांगावयास नको.

अशा स्थितीत एका शनिवारी जावयांनीच चार्डला जाण्याची टूम काढली. आम्ही पाचहीजण मोटारीने निघालो. क्रूकर्न नावाच्या टुमदार गावावरून रस्ता जातो. या भागातील जुनी घरे हॅम टेकडीच्या मधाच्या रंगाच्या दगडाने बांधलेली आहेत, आणि पाऊस पडून गेल्यावर ऊन आले म्हणजे ती भिजलेल्या गुळासारखी दिसतात. चार्डला पूर्वी आगगाडी होती. तिची प्रवासी वाहतूक १९६२ साली बंद झाली. गावात पाहण्यासारखे म्हणजे खांबांच्या देवडीचे नगरभवन, जुन्या गिरण्यांच्या उंच विटकरी इमारती, फोअर स्ट्रीटवरील काशाचे लहानसे विमान, आणि वरच्या अंगाला असलेले वस्तुसंग्रहालय.

त्या गिरण्यांतच या कथेचे मूळ आहे. एकोणिसाव्या शतकात येथे यंत्रावर लेस विणण्याचा मोठा धंदा होता. जॉन स्ट्रिंगफेलो, जन्म १७९९, हा नॉटिंगहॅमकडे लेसच्या यंत्रांचे काम शिकून चार्डला आला आणि त्या यंत्रांचे बारीक सुटे भाग करू लागला. सुताएवढ्या फटीत धावणारे पोलादी भाग घडविणाऱ्याचा हात किती हलका असेल, याची कल्पना करावी. विल्यम हेन्सन हाही त्याच धंद्यातला, वयाने लहान, कल्पनेने अफाट. हेन्सनने १५० फूट पंखांच्या वाफेवर चालणाऱ्या विमानाची योजना करून १८४२ साली पेटंट मागितले. कंपनी काढण्याचा घाट घातला. आणि ते विमान लंडनवरून व मिसरच्या पिरॅमिडांवरून उडत असल्याची चित्रेही छापली गेली. प्रत्यक्षात एक काडीही उभी राहिली नव्हती. वर्तमानपत्रांनी टर उडविली, पैसा कोणी दिला नाही. जाहिरात आधी व वस्तू मागाहून, हा प्रकार आपल्याच काळातला असे मी समजत होतो.

मग दोघांनी २० फूट पंखांचे एक प्रतिमान बांधले. १८४४ ते १८४७ या काळात त्याचे प्रयोग चालले. लोक हसतील म्हणून गावाबाहेरच्या माळावर तंबू ठोकून, रात्रीच्या वेळी ते त्याला बाहेर काढीत. पंखांवर रेशीम ताणलेले होते. सर्व तयारी झाली, आणि रात्रीचे दव पडले. रेशमाने ते दव शोषून घेतले. पंख ओलाव्याने जड झाले, सैल पडले, लोंबू लागले. दिवसा वारा आणि बघे, रात्री दव! उतरत्या फळ्यांवरून सोडून पाहिले, पण ते हवेत टिकले नाही. स्ट्रिंगफेलोने पुढे याची आठवण लिहिताना, या खडबडीत जगाच्या मानाने ते फार नाजूक व फार सुंदर होते, अशा अर्थाचे उद्गार काढले आहेत. ते प्रतिमान आजही लंडनच्या विज्ञान-संग्रहालयात जतन केलेले आहे.

हे ऐकताना नातवाने माझा हात दाबला. आदल्याच आठवड्यात त्याच्या खोपटातही दवाने घात केला होता. हवा दमट असताना त्याने रोगण दिले. थिनर झपाट्याने उडून जाते, त्यामुळे पृष्ठभाग थंड पडतो, आणि हवेतली वाफ त्यावर बसून रोगण दुधाळ पांढरे होते. साय धरल्यासारखे दिसते. त्या कारागिरांनी रेशमाला दाट रोगण का दिले नसेल, असे त्याने विचारले. रोगण लावलेल्या रेशमाचे गोळे फ्रान्समध्ये १७८३ सालीच आकाशात गेले होते, तेव्हा विद्या अज्ञात नव्हती. पण गोळ्याला आत भरलेला हलका वायू उचलतो. पंखाला उचलावयाला वेगावाचून कोणी नाही. सगळे वजन धरून २५-२८ पौंडांचे ते यंत्र. त्यावर आणखी किती चढवावे, हा त्यांच्यापुढचाही प्रश्न असला पाहिजे, असे जावयांनी त्याला समजाविले.

हेन्सन निराश होऊन पुढे अमेरिकेस गेला. स्ट्रिंगफेलो मागे राहिला आणि त्याने धोरण बदलले. १८४८ साली त्याने केवळ १० फुटांचे दुसरे प्रतिमान केले. लहानशा वाफेच्या इंजिनासह, पाणी व स्पिरिट धरून, वजन ९ पौंडांच्या आत. रेशमाच्या पंखांच्या जोडीला स्पिरिटचा जळता दिवा! विहीणबाईंच्या दंडकापुढे त्याचे काही चालले नसते. माळावरचे दव आणि वारा नको म्हणून प्रयोग झाला तो ओस पडलेल्या लेसच्या गिरणीतील एका लांब दालनात. लांबी सुमारे २२ यार्ड, उंची अवघी १०-१२ फूट. एक तार ताणून तिच्यावरून विमान धावावयाचे आणि वेग आल्यावर आपोआप सुटावयाचे, अशी योजना. पहिल्या वेळी शेपटी फार वर वळविलेली होती. तारेवरून सुटताच विमान एकदम उसळले, थोडे अंतर जाऊन मागे घसरले, आणि शेपटीचे टोक जमिनीवर आपटून मोडले. दुसऱ्या वेळी मात्र ते हळूहळू चढत दालनाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि अडविण्यासाठी लावलेल्या कनातीला त्याने भोक पाडले. त्याच वर्षी लंडनच्या क्रेमोर्न बागेत ते सुमारे ४० यार्ड गेल्याचे सांगतात. ही हकीकत मुख्यतः स्ट्रिंगफेलोच्या मुलाने १८९२ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तावरून आलेली असल्यामुळे काही इतिहासकार शंका घेतात. ते खरोखर आपल्या बळाने चढले, की तारेवरच्या वेगाने तरंगत गेले, एवढाच काय तो वाद. गावाला या वादाची फिकीर नाही, आणि मला विचाराल तर दोन्ही पक्षांनी त्या इंजिनाची बारीक घडण मान्य केली आहे, एवढे पुष्कळ झाले. १८६८ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात त्याच्या इंजिनाला १०० पौंडांचे बक्षीस मिळाले. १८८३ साली चार्डलाच त्याचा अंत झाला.

संग्रहालयात आणखी एक दालन आहे, त्याची माहिती कोणी दिली नव्हती. या गावात जेम्स गिलिंगहॅम नावाचा चर्मकार होऊन गेला. तोफेची सलामी देताना एका माणसाचा हात गेला, आणि शहरच्या वैद्यांनी काही करता येत नाही म्हटल्यावर, १८६० नंतरच्या त्या दशकात गिलिंगहॅमने चामडे साच्यावर घडवून त्याला कृत्रिम हात करून दिला. पुढे तोच त्याचा धंदा झाला. चामड्याचे ते हात-पाय कपाटांत ठेवले आहेत. आम्ही बाकीचे त्यांवरून लवकर नजर काढून घेऊन पुढे सरकलो; विहीणबाई मात्र तेथे बराच वेळ उभ्या होत्या.

परत येताना मोटारीत त्यांनी एकच प्रश्न विचारला. "गुरुजी, ती शेपटी मोडली, ती मग तशीच टाकली का हो त्यांनी?"

मी म्हटले, "नाही विहीणबाई. दुरुस्त केली, कोन कमी केला, आणि पुन्हा सोडले."

"हूं," एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडले होते. नातवाने रोगणाचा पहिला हात वाळलेले पंख पाहण्यासाठी खिडकीपाशी उभे धरले. कोरा कागद दुधी असतो; रोगण प्याल्यावर तो तेलकट कागदासारखा पारदर्शक होतो. त्यातून उजेड आला, आणि आतल्या फासळ्यांवर पेन्सिलीची अक्षरे दिसू लागली. उजव्या पंखात उ १, उ २, उ ३. डाव्यात डा १, डा २. अण्णांचे वळणदार, बँकेच्या खातेवहीतले अक्षर. एका फासळीवर तर "पुन्हा मोज" असे बारीक लिहिलेले. सांगाडा उघडा होता तेव्हाही ही अक्षरे तेथेच होती. पण काड्यांच्या त्या गर्दीत कोणाचे लक्ष गेले नव्हते. उजेडात एकामागून एक ओळीने ती उमटली तेव्हा आम्ही सर्वजण गप्प झालो. विहीणबाई पदर सावरून जवळ आल्या, चष्मा लावला, आणि पहिल्या फासळीपासून शेवटच्या फासळीपर्यंत सर्व वाचून काढले.

मग त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "रंग नको रे. अक्षर झाकेल. आणि टांगायचे कशाला? त्यांनी टांगायला केले असते, तर पुन्हा मोज कशाला लिहिले असते?"

जावई काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने ते खोपटात गेले, आणि दुसऱ्या हातासाठी रोगण गाळून बाटलीत भरू लागले. नातवाच्या तांबड्या रंगाची तडजोड अशी झाली की, शेपटीऐवजी पंखांच्या टोकांना तांबड्या कागदाची बोटभर पट्टी लावावी. रंगीत कागदाचे वजन साध्या कागदाएवढेच. दुसरा हात कोरड्या दिवशी, दुपारी, दिला. दुधाळ झालेल्या जागी नुसत्या थिनरचा कुंचला फिरविताच साय विरघळून गेली. विमान रबर सोडून ७१ ग्रॅम भरले. एरंडेलाचे थेंब विहीणबाईंनी स्वतः मोजून टाकले. पाच पडले, चार नव्हे, असे नातवाने वहीत लिहून ठेवले आहे.

उडविण्यासाठी गावाबाहेरच्या एका कुरणात गेलो. गवतावर दव होते, म्हणून ते वाळेपर्यंत दहा वाजेतो थांबलो. रबराला हातशेगडीच्या मुठीसारख्या एका यंत्राने काही शे पीळ दिले. पहिल्या खेपेस नातवाचा हात कापला आणि विमान समोरच्या गवतात बसले. दुसऱ्या खेपेस ते उजवीकडे मोठे वर्तुळ घेत चढत गेले, आणि सूर्य त्याच्या पलीकडे आला. उंचीवरून अक्षरे दिसणे शक्य नव्हते, पण फासळ्या मात्र एकेक मोजता येत होत्या. जावयांनी घड्याळ लावले होते, ४७ सेकंद. उतरताना ते कुंपणाच्या काटेरी झुडपात शिरले. डाव्या पंखाचा कागद फाटला आणि एक फासळी मधोमध मोडली.

त्या क्षणी मी विहीणबाईंकडे पाहिले. त्या झुडपाकडेच चालल्या होत्या, हातातली छत्री पुढे करून काटे दूर सारीत.

मोडलेली फासळी होती डा ५. संध्याकाळी नातवाने तशीच दुसरी कापली. माझ्याकडून मराठी अक्षरे तो त्या महिन्यात शिकतच होता. ड चा पोटफुगीर वळसा त्याला नीट जमत नाही. नवी फासळी बसविण्यापूर्वी त्याने पेन्सिलीने तिच्यावर डा ५ असे लिहिले, थोडे वाकडे, आणि मला दाखविले. जुनी फासळी विहीणबाईंनी पोथीत ठेवली. वरून कागदाचे ठिगळ, त्यावर रोगणाचा एक हात. काटा ७१.४ दाखवू लागला, आणि त्याने तो आकडा तारखेसह वहीत नोंदविला.